ठासणीच्या रायफलीची गोळी मापात आणणारी डाय: आपल्या नळीच्या मापाने, आपल्या लेथवर

मिनिए गोळी (बुडाशी पोकळ असलेली शिशाची गोळी) मी पहिल्यांदा ठासली त्या दिवशी पहिले दोन बार छान गेले. तिसरी गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसली. गज, म्हणजे ठासायची सळई, दोन्ही हातांनी दाबला, तरी हलेना. शेजारच्या लेनवरचे एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. बंदुकीला हात न लावता त्यांनी एवढंच विचारलं, "गोळी कितीची, आणि नळी कितीची?" मला दोन्ही आकडे सांगता आले नाहीत. गोळ्यांच्या डबीवर ५८ कॅलिबर (म्हणजे ०.५८ इंच व्यास) होतं, बंदुकीवरही ५८ कॅलिबर होतं. जुळलं असं मी धरून चाललो होतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि आता बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात तेच काम करतो. बेअरिंगचं घर कुणी "साधारण चाळीसचं" म्हणून सांगितलं असतं तर मी जॉब चकला लावलाच नसता. बंदुकीच्या बाबतीत मात्र शिक्क्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर मी पहिली डाय बनवली. अमेरिकेत या छंदात नव्याने पडणारे आणि लेथची ओळख असलेले मराठी वाचक असतील, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

बंदूक कोणती, ते आधी सांगतो. कोकणात शेतराखणीच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून घरोघरी दिसतात, पण त्या बहुतेक आतून गुळगुळीत नळीच्या. मी बोलतोय ती रायफल-मस्केट. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या पायदळाकडे हीच होती: उत्तरेची स्प्रिंगफील्ड मॉडेल १८६१, आणि इंग्लंडहून आणलेली एनफील्ड पॅटर्न १८५३. नळीत तीन रुंद खाचा, मध्ये तीन उंचवटे. नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन ही १९५० साली सुरू झालेली संस्था या बंदुकांच्या संघ-स्पर्धा भरवते, ५० आणि १०० यार्डांवर. आज हातात येते ती बहुतेक वेळा नव्याने बनवलेली प्रतिकृती असते. एकाच नावाच्या दोन प्रतिकृतींच्या नळ्यांत दोन-तीन थाऊंचा फरक सहज निघतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलीमीटरमध्ये ०.०२५. सिगारेटचा कागद साधारण एक थाऊ जाडीचा असतो. फरक तेवढाच, पण गोळी अडकायला किंवा सैल पडायला तो पुरतो.

मिनिए गोळीला बुडाशी पोकळी असते. फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए याने १८४९ च्या सुमारास ती घडवली. ठासताना गोळी नळीपेक्षा जराशी लहान, म्हणून झरकन खाली जाते. बार उडाला की वायूच्या दाबाने बुडाचा पातळ घेर फुलतो, खाचांत बसतो आणि गोळी फिरत बाहेर पडते. सगळी करामत त्या "जराशी लहान"मध्ये आहे. साच्यातून निघालेली गोळी बहुधा किंचित मोठी असते आणि दर ओतकामाला थोडी बदलते. तिला नेमक्या मापाच्या भोकातून दाबून काढायचं, एवढंच डायचं काम.

कायद्याचं एकदाच सांगतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदूक आणि दारूगोळा दोन्हींना परवाना लागतो, तेव्हा तिथल्या वाचकांनी यातलं मोजमाप, रीमिंग (रीमरने भोक मापाला आणणं) आणि लॅपिंग (भोक आतून बारीक घासणं) घ्यावं. ते कुठल्याही नेमक्या बोअरला लागू पडतं. अमेरिकेत राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. विकत घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचून घ्या.

आधी नळी मोजा

डाय बनवणं हे निम्मं काम, नळी मोजणं हे उरलेलं निम्मं. नवखी माणसं नेमकं तेच टाळतात.

मोजण्याआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, गज बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून बघा. गजाचं टोक निपलच्या (टोपी बसते त्या मागच्या बोंडाच्या) भोकापर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. घरात "रिकामीच आहे" असं कुणी कितीही सांगितलं तरी हे करायचंच.

आता नेहमीचा सल्ला असा मिळतो की नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. या नळीला तो चालत नाही, आणि कारण सोपं आहे. खाचा तीन, म्हणजे विषम. एका उंचवट्याच्या बरोब्बर समोर खाच येते. मायक्रोमीटरचे दोन जबडे समोरासमोर, त्यामुळे एक जबडा उंचवट्याच्या ठशावर आणि दुसरा खाचेच्या ठशावर बसतो. येणारा आकडा ना उंचवट्यांचा, ना खाचांचा. आपल्याला हवं ते उंचवट्यांमधलं अंतर, कारण ठासताना गोळी त्यांच्यामधूनच जाते.

यावर पिन गेज हा सरळ उपाय. एकेका थाऊच्या फरकाच्या घासलेल्या पिना असतात. कुठली जाते आणि कुठली अडते ते पाहायचं. पिना नसतील तर लेथ आहेच. पाऊण इंची पितळी सळई घ्या आणि तिच्यावर पायऱ्या काढा: टोकाला ०.५७६, मग ०.५७७, ०.५७८, ०.५७९, ०.५८०. प्रत्येक पायरी अर्धा इंच लांब. शेवटचा पाव थाऊ बारीक पॉलिश पेपरने घ्या, प्रत्येक पायरीच्या कडेची बर काढा आणि माप सळई थंड झाल्यावरच घ्या. ही पायऱ्यांची सळई तेल पुसून नळीच्या तोंडात हलकेच सोडा. जोर लावायचा नाही. पितळ मऊ आहे, म्हणून नळीला ओरखडा जात नाही, पण दाबलं तर तेच पितळ दबतं आणि आकडा खोटा येतो.

माझ्या नळीत ०.५७८ ची पायरी स्वतःच्या वजनाने उतरली आणि ०.५७९ ची तोंडावरच थांबली. हा झाला तोंडाचा आकडा, आणि तेवढ्यावर थांबू नका. जुन्या नळीचं तोंड गजाच्या घासण्याने झिजून किंचित मोठं झालेलं असतं. नव्या नळीत कधीकधी मध्येच एखादी घट्ट जागा असते. म्हणून जी पायरी गेली त्या मापाची अर्ध्या इंचाची एक सुटी गुडदी बनवा, तिला गजाच्या टोकावर बसेल असा आटा पाडा आणि निपल काढून ती तळापर्यंत नेऊन आणा. निपल काढायचं कारण, एवढ्या चपखल गुडदीमागे हवा कोंडते आणि तुम्हाला नळी घट्ट आहे असं वाटतं. आटा नीट आवळा. गुडदी आत राहिली तर ती काढणं हे वेगळंच दुखणं होऊन बसतं. माझ्या नळीत तोंडापासून साधारण फूटभर खाली हात किंचित जड झाला, मग पुन्हा मोकळा. डायचं माप त्या जड जागेला धरून ठरवायचं.

किती सैल ठेवायची

नळी मोजून झाली की त्यातून एक ते दोन थाऊ वजा करा. माझी नळी ०.५७८ आणि वर काही, म्हणून डाय ०.५७७. ही सैल जागा काजळीसाठी. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. त्यातला बराचसा धुरातून उडतो, उरलेला नळीला चिकटतो. पहिल्या बाराला जी गोळी छान जाते ती तिसऱ्याला अडते, ते यामुळेच.

हा हिशोब चुकल्याचं आपल्या इतिहासात एक मोठं उदाहरण आहे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली ती याच पॅटर्न १८५३ एनफील्डची. नळी ०.५७७ ची, गोळी ०.५६८ ची, आणि उरलेली जागा चरबी लावलेल्या कागदाने भरायची. चरबीचं काम काजळी मऊ ठेवणं आणि गोळी सरकवणं. ती चरबी कशाची, हा प्रश्न सैन्याच्या धर्मभावनेला जाऊन भिडला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गोळीच्या मापाची बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. ती गोळी काजळलेल्या नळीत ठासायला जड जात होती, आणि १८५९ साली ब्रिटिशांनी ती ०.५५० पर्यंत उतरवली. सबंध अठरा थाऊ. आपल्याला एवढं जायची गरज नाही. आपण स्पर्धेत कागद गुंडाळत नाही आणि मध्ये नळी पुसायला उसंत असते. पण दोनाच्या आत एक थाऊ तरी सोडाच.

माल आणि हत्यारं

पहिली डाय साधी गोल बनवा, हँड प्रेसवर चालणारी. रीलोडिंग प्रेसमध्ये (काडतुसं घरी भरायच्या यंत्रात) बसणारी डायही बनवता येते. तिला बाहेरून सात-अष्टमांश इंच, इंचाला १४ आटे लागतात. पण आटे पाडल्यावर ०.५७७ च्या भोकाभोवती भिंत जेमतेम शंभर थाऊ उरते, आणि इतकी पातळ भिंत थ्री-जॉ चकमध्ये जास्त आवळली की भोक नकळत तीन कोनी होतं. चकमधून सोडलं की माप बदलतं. नवख्याने त्या वाटेला दुसऱ्या डायला जावं.

धातू १२ एल १४. शिसं मिसळलेलं हे पोलाद लोण्यासारखं कापतं आणि भोक आतून गुळगुळीत निघतं. व्यास दीड इंच, म्हणजे आपल्याकडचे बारा सूत. लांबी दीड इंच. काही जण टूल स्टील घेऊन त्याला पाणी देतात. मला ते पटत नाही. पाणी दिलं की माप हलतं, मग पुन्हा घासणं आलं. आणि आतून जाणार काय, तर मऊ शिसं. मऊ पोलादाची डाय सुद्धा स्वच्छ ठेवली तर तुमच्या हयातीत झिजणार नाही.

बाकी लागतं ते असं: ९/१६ चं ड्रिल, म्हणजे साडेचार सूत, आणि त्याआधीची लहान ड्रिलं, एक छोटा बोरिंग बार, ०.५७६ चा मशीन रीमर, थाऊच्या दहाव्या भागापर्यंत वाचता येणारा मायक्रोमीटर, ४०० आणि ६०० नंबरचे एमरी पेपर, कटिंग ऑइल, रॉकेल. रीमर मुद्दाम एक थाऊ लहान घ्यायचा. उरलेला थाऊ लॅपिंगने काढायचा.

लेथवर

सुरुवात टेलस्टॉकपासून. तो हेडस्टॉकच्या रेषेत आहे का ते डायल लावून बघा. माझी पहिली डाय इथेच बिघडली. टेलस्टॉक दोन-तीन थाऊ बाजूला सरकलेला होता आणि मी घाईत पाहिलं नाही. रीमर वाकडा शिरला, तोंडाशी भोक घंटेसारखं फाकलं आणि आत ०.५७८ च्याही वर गेलं. उद्यमनगरातले माझे मिस्त्री म्हणायचे, "लेका, काढलेलं परत चिकटत नाही, हळू जा." त्या संध्याकाळी ते वाक्य मला घरात एकट्यालाच ऐकू येत होतं.

जॉब चकला लावा, फेसिंग घ्या, सेंटर ड्रिल मारा. मग पाव इंच, अर्धा इंच, आणि शेवटी ९/१६ चं ड्रिल आरपार. ड्रिल कितीही चांगलं असलं तरी थोडं भरकटतंच, म्हणून लगेच रीमर घालू नका. रीमर आधीच्या भोकामागे जातो. भोक वाकडं असेल तर तो वाकडंच छान गुळगुळीत करून देतो. बोरिंग बारने भोक ०.५६८ पर्यंत सरळ करा. आता रीमरला आठ थाऊ उरले. ड्रिलच्या निम्म्याहून कमी वेगात चक फिरवा, भरपूर तेल सोडा, आणि टेलस्टॉकचं चाक न थांबता एकसारखं फिरवत रीमर आरपार न्या. बाहेर काढतानाही चक त्याच दिशेने फिरत ठेवा. उलटा फिरवला तर रीमरच्या धारा जातात आणि भोकात ओरखडे पडतात.

जॉब चकमधून न काढता त्याच बैठकीत तोंडाचा उतार घ्या, म्हणजे उतार आणि भोक एकाच अक्षावर राहतात. कंपाउंड तीन अंशांवर फिरवा आणि तोंड साधारण ०.६१० पर्यंत उघडेल इतका उतार घ्या. तो आत सुमारे पाच-सोळांश इंच जातो. उतार संपून सरळ भोक सुरू होतं तिथे धार राहू देऊ नका. ती धार शिसं दाबायच्या ऐवजी खरवडते, आणि गोळीच्या अंगावर चकचकीत पातळ साल सुटलेली दिसते. साल दिसली की समजा सांधा अजून गोलवायचा आहे.

मग जॉब उलटा लावा आणि मागच्या बाजूने अर्धा इंच खोल भोक ०.६०० पर्यंत मोकळं करा. मापाचं सरळ भोक उरतं ते पाऊण इंचाच्या आत. तेवढं पुरतं. लांब भोकात नुसतं घर्षण वाढतं.

शेवटचा एक थाऊ

या कामाची मजा आणि कसोटी दोन्ही इथे आहे. लाकडी किंवा अॅल्युमिनियमचा दांडा घ्या, भोकापेक्षा वीसेक थाऊ बारीक. टोकाला करवतीने उभी चीर पाडा, तिच्यात ४०० नंबरच्या पेपरची पट्टी अडकवून भोकात चपखल बसेल इतकी गुंडाळा. दांड्याला कानशीची मूठ लावा. पेपर बोटांवर गुंडाळून फिरत्या जॉबमध्ये घालायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या वर. लेथचे बेड वर्तमानपत्राने झाका. एमरीची वाळू बेडवर पडली तर लेथची वर्षं कमी होतात.

चक मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास. पेपरला तेल लावून दांडा आरपार आत-बाहेर, एकसारखा. नवखा माणूस तोंडाशी रेंगाळतो, कारण तिथे दिसतं. मग भोक तोंडाशी मोठं आणि मध्ये लहान होतं. दांडा दर वेळी दोन्ही टोकांच्या थोडा बाहेर यायला हवा आणि कुठेच थांबायला नको. मी वीस हेलकावे मोजतो आणि थांबतो.

थांबल्यावर डाय रॉकेलने धुवा, कोरडी करा, हाताला गार लागेपर्यंत ठेवा. आता भोक कशाने मोजायचं? टेलिस्कोपिक गेजने अर्ध्या थाऊची खात्री मला कधी वाटली नाही. भोकाला त्याच्याच कामाने मोजावं. आपल्याच साच्यातली शुद्ध शिशाची गोळी तेल लावून डायमधून दाबून काढा आणि गोळी मोजा. शुद्ध शिसं दाबल्यावर जवळजवळ परत फुगत नाही, म्हणून गोळीचा आकडा तोच भोकाचा. भंगारातलं टणक शिसं असेल तर ते किंचित परत येतं आणि तुम्हाला भोक आहे त्यापेक्षा मोठं भासतं. मिनिएला तसलं टणक शिसं चालतही नाही. बुडाचा घेर फुललाच नाही तर गोळी खाचा धरत नाही.

गोळीच्या अंगावर गोल कडी असतात; गोळी पुढच्या कड्यावर मोजा, बुडाच्या कड्यावर मोजा, मग पाव फेरा फिरवून पुन्हा. चारही आकडे पाव थाऊच्या आत आले पाहिजेत. माझी दुसरी डाय अशी चालली: रीमरनंतर ०.५७६२, पहिल्या वीस हेलकाव्यांनी ०.५७६४, पुढच्या वीसांनी ०.५७६५. तिथे कंटाळा आला. कंटाळा आला की उठून चहा करावा. त्या क्षणी हात जड होतो. ०.५७६८ वर ६०० नंबरचा पेपर घेतला आणि शेवटचे दोन दशांश त्याच्यावर काढले. भोक आतून काचेसारखं दिसेपर्यंत घासायची गरज नाही. बोट फिरवल्यावर कुठे खरखर लागली नाही की पुरे.

पंच

गोळी बुडाकडून ढकलायची, टोक खाली. पंच सपाट तोंडाचा, ०.५७० व्यासाचा. बुडाला पोकळी आहे, भार फक्त पातळ घेरावर येतो. पंच बारीक असेल तर तो पोकळीत शिरून घेर फाकवतो आणि गोळी वाया जाते. पंचाचं तोंड पूर्ण घेराला टेकलं पाहिजे आणि लंबात असलं पाहिजे. एक बाजू आधी टेकली तर बूड तिरकं होतं, आणि तिरक्या बुडाची गोळी कधीच एका जागी लागत नाही. घेर फारच पातळ असलेल्या साच्यासाठी उलटी पद्धत आहे: बूड आधी आत, आणि टोकाच्या आकाराचा खळगा असलेला पंच वरून. साच्यातली गोळी डायपेक्षा तीन थाऊंहून जास्त मोठी असेल तर एका दमात दाबू नका. मध्ये एक मोठी डाय असावी, नाहीतर कड्यांमधल्या चरबीच्या खाचा बुजतात.

दाबण्याआधी गोळीला तेलाचं नुसतं बोट फिरवा. जास्त तेल लावलं तर ते दबत नाही आणि गोळीवरच खळगा पाडतं. प्रेसखाली डबा, डब्यात जुना टॉवेल. खाली पडलेल्या गोळीचा घेर लगेच चेपतो. आणि शिसं हाताळून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका. ज्या टेबलावर मुलं जेवतात तिथे हे काम मांडूच नये.

गोळी नळीत घालून पाहताना

पहिली गोळी दारूशिवाय नळीत सोडून देऊ नका, ती काढणं त्रासाचं आहे. गोळीच्या टोकात एक लाकडी स्क्रू घट्ट पिळा, त्याला बारीक दांडा जोडा आणि नळीच्या तोंडात चार-पाच इंच नेऊन परत ओढा. हाताला काय जाणवायला हवं? गोळी स्वतःच्या वजनाने धाडकन जाऊ नये. गजाच्या वजनाने किंवा एका बोटाच्या दाबाने सावकाश, सलग उतरावी. लोणच्याच्या बरणीचं काचेचं झाकण बसतं तशी. नळी खाली झुकवली तर गोळी जागची हलू नये.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. सैल गोळी चालताना किंवा बंदूक झुकवताना दारूवरून पुढे सरकते. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली आणि बार उडाला तर नळी त्या जागी कड्यासारखी फुगते, फुटूही शकते. म्हणून गजावर भरलेल्या बंदुकीची खूण कायमची कोरून ठेवा आणि प्रत्येक बाराआधी ती नळीच्या तोंडाशी जुळते का पाहा. दारू फक्त काळी किंवा बंदूक बनवणाऱ्याने मान्य केलेली तिची पर्यायी दारू. आधुनिक बिनधुराची दारू या नळीत चिमूटभर सुद्धा जाता कामा नये.

मैदानावर पहिल्या दिवशी कड्यांच्या खाचांत मधमाशीचं मेण आणि तेल यांचं मिश्रण भरा आणि पाच बार मध्ये नळी न पुसता उडवा. पाचवी गोळी पहिलीसारखीच खाली गेली तर माप जमलं. चौथ्याला जड जात असेल तर आधी मेणात तेल वाढवून बघा, आणि तरीही जड वाटलं तरच डाय बदलायचा विचार करा. पण डाय घासली की भोक मोठं होतं, लहान होत नाही. घट्ट गोळीवर तो उपाय नाही. त्यासाठी अर्ध्या थाऊने लहान अशी नवी डायच बनवावी लागते. मागचं पुढचं सगळं लक्षात घेऊन मी नेहमी रीमर दोन मापांचे मागवतो.

काम झालं की डायच्या तोंडावर नंबर पंचने माप ठोका आणि कुठल्या बंदुकीची ते दोन अक्षरांत लिहा. सहा महिन्यांनी ०.५७७ आणि ०.५७८ च्या दोन डाय डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. तेल लावून मेणकागदात गुंडाळून ठेवा. १२ एल १४ ला गंज लवकर चढतो, आणि भोकातला गंज घासून काढला म्हणजे माप गेलं.

माझी ती बिघडलेली पहिली डाय मी टाकून दिली नाही. फाकलेलं तोंड बोरिंग बारने काढून टाकलं, भोक सरळ लॅप केलं आणि ते ०.५७८५ वर स्थिरावलं. आमच्या क्लबात एकाची नळी ०.५८० ची आहे. ती डाय आता त्याच्या पेटीत असते, आणि माझ्याच हातचा ५७८५ चा शिक्का तिच्यावर आहे.